अनंत फुलवायचा असेल तर आधी पाणी बघा

नर्सरीतून आणलेलं अनंताचं रोप हिरवंगार, तकतकीत असतं. दोन-चार कळ्याही दिसत असतात. घरी आल्यावर आठवड्याभरात त्या कळ्या तपकिरी होऊन गळतात आणि दोन-तीन महिन्यांत शेंड्याची पानं पिवळी पडू लागतात. मग शेणखत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं, कुणी सुचवलं म्हणून अंड्याची टरफलं कुस्करून घातली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुंडी रिकामी झालेली असते. ‘अनंत आमच्याकडे लागत नाही’ हे देशावर घरोघरी ऐकू येतं. कोकणात आणि गोव्यात मात्र हेच झाड अंगणाच्या कडेला, फारसं कुणी लक्ष न देता पुरुषभर वाढतं आणि फुलांनी लगडतं.

या फरकाचं मूळ चुन्यात आहे. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि वर्षाकाठी तिथे कोसळणारा पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो. देशावरची काळी माती अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त, आणि बोअरचं पाणीही तसंच. अनंताला आम्ल माती लागते. एवढी एक गोष्ट सांभाळली तर बाकी हे झाड अजिबात नखरेल नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखात खतापेक्षा पाण्यावर आणि मातीवर जास्त लिहिलं आहे.

आपण नेमकं काय लावतोय

अनंत म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइडिस. मूळचा दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम आणि जपानच्या दमट डोंगराळ भागातला. कॉफी, कदंब आणि इक्झोरा यांच्याच कुळातला. १७६१ मध्ये जॉन एलिस या इंग्रज अभ्यासकाने अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये राहणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरच्या नावावरून या वंशाला गार्डेनिया हे नाव दिलं. आपण लावतो तो बहुतेक वेळा दुहेरी पाकळ्यांचा अनंत असतो आणि त्याला फळ धरत नाही. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला कंगोरे असलेलं नारिंगी फळ येतं. चीन-जपानमध्ये त्यापासून खाण्याचा पिवळा रंग काढतात. केशराला रंग देणारं क्रोसिन हे द्रव्यच त्या फळातही असतं.

आपल्या डोंगरातही त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. लहान मुलांच्या जंतांवर आज्या जी उग्र वासाची डिकेमाली देत, ती गार्डेनियाच्याच रानटी जातींच्या कोंबांवर जमणारी राळ. ही झाडं पानझडी जंगलात, खडकाळ उथळ मातीत मजेत उभी असतात. अनंताला मात्र तशा कोरड्या जागी ठेवू नका. तो दमट हवेतला आहे.

नर्सरीत प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. मोठ्या फुलांचा, पाच-सहा फुटांपर्यंत जाणारा अनंत. बुटका अनंत, ज्याची पानं अरुंद, फुलं रुपयापेक्षा थोडी मोठी आणि झाड दीड-दोन फुटांत आटोपतं. आणि पानांवर पांढुरक्या कडा असलेला, जो दिसायला देखणा पण वाढीला मंद. पहिल्यांदाच लावणार असाल तर साधा मोठ्या फुलांचाच घ्या, तो सर्वात चिवट. गॅलरी अगदीच लहान असेल तर बुटका.

घेताना एक खात्री करून घ्या. डबल तगर आणि अनंत यांची गल्लत नर्सरीवालेही करतात. पानाचा देठ हळूच मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो. शिवाय अनंताची पानं जाडसर, चकचकीत, वरून शिरा खोल गेलेली असतात आणि कळी मिटलेली असताना पिळा दिलेल्या हिरव्या वातीसारखी दिसते.

पाण्याची परीक्षा

रोप आणण्याआधी आपल्या घरचं पाणी कसं आहे ते बघा. मुंबईला तानसा-भातसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं जे धरणाचं पाणी नळाला येतं ते मृदू असतं, त्यावर अनंत छान वाढतो. अडचण येते ती बोअर, विहीर आणि टँकरच्या पाण्याने. पाणी जड आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो का? साबणाला फेस कमी येतो का? तुरीची डाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ लागतो का? कुंडीच्या बाहेरच्या बाजूला आणि मातीच्या वर पांढरी पुटं धरतात का? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर पाणी जड आहे.

या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट रोज थोडे थोडे मातीत साठतात. तुम्ही कितीही चांगली आम्ल माती भरा, असं पाणी वर्षभरात तिला अल्कधर्मी करून टाकतं. पहिलं वर्ष अनंत चांगला राहतो आणि दुसऱ्या वर्षी बिघडतो त्याचं सर्वसाधारण कारण हेच.

यावर उपाय आहेत, आणि ते स्वस्त आहेत.

पहिला, पावसाचं पाणी. जून ते सप्टेंबर कुंडी उघड्यावर, थेट पावसात ठेवा. चार महिन्यांत मातीतले साठलेले क्षार बरेच धुतले जातात. छपराचं पाणी पिंपात साठवता आलं तर ते कोरड्या महिन्यांसाठी राखून ठेवा, पिंपावर झाकण मात्र हवं, नाहीतर डास होतात.

दुसरा, एसीचं पाणी. हवेतल्या बाष्पाचं बनलेलं हे पाणी क्षारविरहित असतं. उन्हाळ्यात एका एसीखाली रोज काही लिटर सहज जमतं. नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून घाला.

तिसरा उपाय लिंबूसत्त्वाचा, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड. दहा लिटरच्या बादलीत साधारण अर्धा चहाचा चमचा, म्हणजे दोन ते तीन ग्रॅम, ढवळून विरघळवा आणि तेच पाणी झाडाला द्या. औषधांच्या किंवा मत्स्यपालनाच्या दुकानात पीएच तपासायच्या पट्ट्या मिळतात. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, साडेपाच ते सहाच्या आसपास आला की पुरे. फार जड पाण्याला थोडं जास्त लागेल, म्हणून पहिल्या वेळी पट्टी लावून आपल्या बादलीचं माप एकदा ठरवून घ्या. मग रोज तपासायची गरज नाही.

दोन प्रकारचं पाणी कधीच घालू नका. एक, आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी. ‘वाया का घालवायचं’ म्हणून ते झाडांना घालणारे खूप आहेत, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी घट्ट झालेले असतात. फरशी पुसायला वापरा. दुसरं, सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेलं पाणी. साबणाला त्याचा फेस येतो, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं आणि ते मुळांना मारक आहे.

माती आणि कुंडी

मातीची परीक्षा पाण्याहून सोपी. मूठभर कोरडी माती वाटीत घेऊन त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. अशा जमिनीत अनंत थेट लावू नका, आणि गंधक ओतून ती जमीन सुधारायच्याही मागे लागू नका. साध्या अल्कधर्मी मातीला गंधकाने हळूहळू फरक पडतो, पण चुनखडीच्या जमिनीत चुन्याचा साठा इतका असतो की तुमचं गंधक संपेल, चुना संपणार नाही. खड्डा करून त्यात चांगली माती भरणं हाही काळ्या जमिनीत फसवा मार्ग आहे. भोवतीची चिकण माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. तिथे जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच वाफा विटांच्या कडेने करून घ्या, नाहीतर सरळ मोठी कुंडी.

बारा इंची कुंडीसाठी मिश्रण असं करा: तीन भाग जांभ्याची लाल माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. वाळू नदीची, धुतलेली घ्या, तिच्यात शिंपल्याचे तुकडे नकोत. कोकोपीटची वीट रात्रभर भिजवून ते पाणी फेका, पुन्हा एकदा धुवा आणि पिळून मगच मिसळा, कारण त्यात मीठ असू शकतं. लाल माती म्हणून विटभट्टीजवळची कुठलीही तांबूस माती उचलू नका, वर सांगितलेली व्हिनेगरची परीक्षा तिलाही लावा.

आता काय घालायचं नाही ते नीट वाचा, कारण निम्मे अनंत इथेच जातात. लाकडाची राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, चुना, चुन्याची निवळी यांपैकी काहीही नको. बाकी फुलझाडांना हे सगळं आवडीने घातलं जातं, गुलाबाला तर हाडांचा चुरा हटकून, आणि सवयीने तोच हात अनंताकडे वळतो. कुंडीच्या तळाशी घालायला बांधकामावरून आणलेले विटांचे तुकडे असतील तर त्यांना लागलेलं सिमेंट आणि गिलावा आधी काढा. वर शोभेसाठी संगमरवरी खडे पसरू नका, संगमरवर म्हणजे चुनखडकच. आणि नवी सिमेंटची कुंडी अनंताला देऊच नका, तिच्यातून चुना मातीत उतरत राहतो. मातीची भाजलेली कुंडी उत्तम, प्लास्टिकचीही चालते. नुकत्याच गिलावा केलेल्या किंवा चुना मारलेल्या भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत लावायचा विचार असेल तर तोही सोडा.

रोप निवडणं आणि लावणं

लावणीला सर्वात चांगला काळ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जून-जुलै. हवेत दमटपणा असतो आणि मुळांना बस्तान बसवायला पुढे तीन-चार महिने मिळतात. कळ्यांनी भरलेलं रोप बघून भुलू नका. ज्याच्या अगदी शेंड्याची कोवळी पानंही गर्द हिरवी आहेत, खालून दोन-तीन फांद्या फुटलेल्या आहेत, ते रोप घ्या. पानांच्या बगलेत कापसासारखं काही दिसलं, पानं चिकट लागली, तर ते तिथेच ठेवा.

पिशवीतल्या रोपाच्या मुळांभोवती पुष्कळदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच हलक्या मातीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. वरची माती ओली दिसते आणि रोप मात्र तहानेने मान टाकतं. म्हणून लावण्याआधी पिशवी काढून गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा. बाहेरचा इंच-दीड इंच थर बोटांनी हलकेच सैल करून गळू द्या. पूर्ण गोळा फोडू नका, अनंताची मुळं बारीक आणि तुटक असतात.

लावताना खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, किंबहुना अर्धा इंच वरच. गळ्याशी माती चढवली तर पावसाळ्यात खोड कुजतं. लावल्यावर भरपूर पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. वर दोन इंच वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला, खोडाला न टेकवता.

आणि त्यानंतर बुंध्याशी खुरपं चालवू नका. दर पंधरवड्याला कुंडीची माती उकरून मोकळी करायची आपल्याकडे पद्धत आहे. अनंताची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात, उकरण्याने तीच तुटतात. तण आलं तर हाताने उपटा.

ऊन आणि रोजचं पाणी

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली, ही देशावरची आदर्श जागा. पूर्वेची गॅलरी मिळाली तर प्रश्नच मिटला. कोकणपट्टीत दिवसभराचं ऊनही सोसतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर दुपारी ५० टक्क्यांची हिरवी जाळी लागते. गर्द सावलीत झाड जगतं, पानं तर फार सुंदर दिसतात, पण फुलत नाही.

पाण्याबद्दल एकच नियम: माती कायम ओलसर, कधीच चिखल नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून निघेपर्यंत पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये रोज, लहान कुंडीला दिवसातून दोनदाही लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

खत

अनंत खादाड आहे, पण एकदम खाल्लेलं त्याला सोसत नाही. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला थोडं द्या, थंडीत बंद ठेवा. नत्र देण्यासाठी अमोनियम सल्फेट सर्वात योग्य, कारण ते मातीला आम्लतेकडे नेतं: बारा इंची कुंडीला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, दोन लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीवर. रासायनिक नको असेल तर शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड आठवडाभर भिजवा, गाळा, दहापट पाणी मिसळून पंधरवड्याला एकदा द्या. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जूनमध्ये, दोन मुठी गांडूळखत आच्छादनाखाली पसरा.

‘फुलं येत नाहीत, स्फुरद घाला’ हा सल्ला इथे उलटतो. डीएपी आणि सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची खतं जास्त झाली की स्फुरद लोहाला अडकवून ठेवतं आणि पानं आणखी पिवळी पडतात.

ताक ओतण्याबद्दलही लोक विचारतात. त्यातलं आम्ल फार थोडं, आणि कुंडीत ओतल्यावर मुंग्या नि बुरशी मात्र येते. त्याऐवजी लिंबूसत्त्व वापरा, मोजून वापरता येतं. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन काढून पालापाचोळ्याच्या खतात टाकला तर चांगलाच, पण तो माती आम्ल करतो या समजात फारसं तथ्य नाही.

पानं पिवळी पडली तर

घाबरून काही ओतण्याआधी कुठली पानं पिवळी पडली ते बघा. झाडच सांगतं काय हवं ते.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीदार: ही लोहाची कमतरता, अनंताचा मुख्य आजार. झाडाच्या आत लोह जुन्या पानांतून नव्यांकडे सरकत नाही, म्हणून नवी पानं आधी पिवळी पडतात. मातीत लोह भरपूर असतं, लाल मातीचा रंगच लोहाचा. पण सामू सातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणूनच मातीत गंजके खिळे पुरून काहीही होत नाही. गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह.

तातडीचा उपाय पानांवर फवारणी. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्त्व आणि मग तीन ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा, ठेवलं की तांबूस होऊन निरुपयोगी होतं. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग कायमचे बसतात, तेव्हा कुंडी आधी अंगणात किंवा जुन्या गोणपाटावर हलवा. दहा-बारा दिवसांत पानं हिरवट होताना दिसतात.

फवारणीने महिनाभराची सोय होते, इतकंच. मुळाशी उपाय हवा तर सोबत पाणी सुधारा, आणि कृषी दुकानातून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं लोह, आणा. धरून ठेवणारं ते द्रव्य ईडीटीए की ईडीडीएचए हे पाकिटावर वाचून घ्या. ईडीटीए आम्ल मातीत चालतं, अल्क मातीत ते लोह धरून ठेवू शकत नाही. जड पाण्याच्या कुंडीत ईडीडीएचए लागतं. महाग आहे, पण एक-दोन ग्रॅम दोन लिटर पाण्यात पुरतं. पाणी गडद लाल होतं, तसंच व्हायला हवं.

खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन एकेक गळत असतील, आणि वर नवी हिरवी पालवी येत असेल, तर काहीच करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे होतंच. जुनी पानं भराभर, ढीगभर गळत असतील तर मुळांकडे बघा: एकतर पाणी साचतंय किंवा माती पूर्ण सुकून गेली होती. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण राहिला तर मॅग्नेशियम कमी आहे. दोन लिटर पाण्यात एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट महिन्यातून एकदा, दोन महिने. सगळीच पानं फिकट पोपटी असतील तर नत्र कमी.

कळ्या गळणं

अनंताची कळी फार सावकाश वाढते. वाटाण्याएवढी झाल्यापासून उमलेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि या काळात तिला बसलेला कुठलाही धक्का ती गळून व्यक्त करते. कळ्या धरायला रात्री गार लागतात, साधारण १८ अंशांच्या खाली. म्हणून थंडीनंतर बहर येतो, बऱ्याच ठिकाणी मार्च ते मे, आणि पावसाळ्यात पुन्हा काही फुलं. आपल्या गावी तो थोडा पुढे-मागे होईल.

अडचण अशी की कळ्या मोठ्या होतात नेमक्या होळीनंतर, हवा एकदम कोरडी आणि तापलेली होते तेव्हा. या दिवसांत तीन गोष्टी पाळा. माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नका. एक दिवस बाहेरगावी गेलात, परत आल्यावर भरपूर पाणी घातलंत, तरी तीन-चार दिवसांनी कळ्या गळायच्या त्या गळतातच. कुंडीची जागा बदलू नका, फिरवूही नका. आणि हवेतला दमटपणा टिकवा: कुंडीभोवती दुसऱ्या कुंड्या दाटीने ठेवा, खाली खडीने भरलेली पाण्याची परात ठेवा, कुंडीचा तळ पाण्याला न टेकेल अशी. पानांवर पाणी मारायचं तर सकाळी लवकर, आणि मृदू पाण्याने, नाहीतर पानांवर पांढरे ठिपके उठतात.

एवढं करूनही कळ्या गळत असतील तर एक गळलेली कळी उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पाकळ्या सोलून आत बघा. तीळभरही नसलेले, लांबट, पिवळसर-तपकिरी किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांड्यांचा साबण घालून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा संध्याकाळी फवारा.

पारदर्शक पंखांचा पतंग आणि इतर पाहुणे

एखाद्या सकाळी शेंड्याची पानं देठापर्यंत खाल्लेली दिसली आणि खाली काळ्या-हिरव्या जाड गोळ्या पडलेल्या असल्या, तर त्या गोळ्यांच्या सरळ वर बघा. पानाच्याच रंगाची, करंगळीएवढी अळी फांदीला उलटी चिकटलेली असेल. शेपटाकडे छोटं वाकडं शिंग असतं, तेवढ्यावरून ती सापडते. हिचा पतंग दिवसा उडतो, भुंग्यासारखा घोंघावत फुलापुढे हवेत स्थिर राहतो आणि त्याचे पंख काचेसारखे आरपार दिसतात. कोशातून बाहेर येतो तेव्हा पंखांवर राखाडी खवले असतात, पहिल्याच फडफडीत ते झडून जातात. अळी विषारी नाही, चावतही नाही. लहान झाडावर दोन-तीन असतील तर हाताने काढून दूर झुडपावर सोडा, कॉफीच्या कुळातली इक्झोरासारखी झाडं तिला चालतात. मोठ्या झाडावर मी तर ती तशीच राहू देण्याच्या बाजूची आहे, महिन्याभरात पालवी परत फुटते.

पिठ्या ढेकूण मात्र सोडू नये. पानांच्या बगलेत कापूस दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा. पानांवर काळी काजळी दिसली तर ती काजळी पुसत बसू नका, वरच्या पानांच्या खाली पांढरी माशी किंवा खवले कीड असते, तिच्या गोड स्रावावर ती बुरशी वाढते. वर दिलेलं निंबोळी तेलाचंच द्रावण पानाच्या खालून मारा. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर किडीचा पत्ता तीच सांगते.

सगळं ठीक असूनही झाड वर्षभर खुजंच राहिलं तर कुंडीतून काढून मुळं बघा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, आहेत. ती माती टाकून द्या, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, आणि त्या झाडाच्या निरोगी शेंड्यांपासून नवं रोप करा.

छाटणी

बहर संपल्याबरोबर, उशिरात उशिरा जुलैच्या अखेरपर्यंत. फूल गेलेल्या फांद्या दोन-तीन पेरं कापा, आत वळलेल्या आणि मेलेल्या काड्या काढा. पावसाळ्यात जी नवी फूट येते तिच्या टोकांवर थंडीत कळ्या धरतात. दिवाळीच्या साफसफाईत हौसेने कात्री चालवली की पुढच्या वर्षीचा बहरच कापला जातो. दर दोन वर्षांनी, याच वेळी, दोन इंच मोठ्या कुंडीत हलवा.

फुलं काढताना

पूर्ण उमललेलं फूल दीड-दोन दिवस पांढरं राहतं, मग पिवळसर होतं. पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून फूल नेहमी देठाला धरून, दोन पानांसकट कापा. पहाटे अर्धवट उमललेलं काढलं तर संध्याकाळपर्यंत घरात उमलतं आणि सुगंध रात्री भरात असतो. घट्ट हिरवी कळी तोडली तर ती उमलत नाही. देठातून हे फूल फारसं पाणी ओढत नाही, म्हणून उंच फुलदाणीत उभं ठेवण्यापेक्षा पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवा. अंबाड्यात माळायचं असेल तर माळण्याआधी पाकळ्यांवर पाण्याचा हलका शिडकावा द्या.

फांदीपासून नवं रोप

छाटलेल्या फांद्या फेकू नका. त्यांतल्या अर्धवट पिकलेल्या, म्हणजे वाकवल्यावर लवचीक पण खाली तपकिरी झालेल्या, निवडा. चार-पाच इंचांचे तुकडे करा, खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकी काढा, मोठी पानं अर्धी कापा. खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट समसमान घेतलेल्या पेल्यात दीड इंच खोवा. वरून तळ कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घाला, टोपण काढून ठेवा, आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवा. कुठलंही खत नको.

मुळं यायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात फांदी उपटून बघायचा मोह आवरा. शेंड्याला नवी पानांची जोडी सुटली की हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला म्हणजे मुळं धरली. मग बाटली एकदम उचलू नका, आठवडाभर रोज थोडा वेळ काढून ठेवत रोपाला कोरड्या हवेची सवय करा. दिवाळीच्या सुमारास सहा इंची कुंडीत हलवा. पहिल्या उन्हाळ्यात एखादी कळी आलीच तर खुडून टाका, रोपाला आधी फांद्या करू द्या.